'मोलाचा' कोणाला, कोणाहून? : बेसबॉलमधील मूल्यवाचक शब्दांची चिकित्सा

१

एखाद्या शब्दाची व्याख्या नीट केली की त्या शब्दावरून चाललेला वाद मिटतो, असा समज भाषेच्या अभ्यासकांतही आढळतो. हा समज तपासून पाहावयाचा तर शास्त्रीय परिभाषेपेक्षा लोकव्यवहारातील उदाहरण अधिक उपयोगी पडते. कारण तेथे शब्द वापरणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि त्यावरून भांडणारे बहुधा एकच असतात. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात असे एक उदाहरण सापडते. तेथील दोन प्रमुख लीगमधून प्रतिवर्षी एकेका खेळाडूस 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे 'सर्वांत मोलाचा खेळाडू', हा किताब दिला जातो. निवृत्त खेळाडूंपैकी निवडक व्यक्तींना न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या गावी असलेल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे कीर्तिमंदिरात, स्थान मिळते. वार्षिक किताबाचा निर्णय १९०८ साली स्थापन झालेल्या बेसबॉल-लेखकांच्या संघटनेकडे आहे. कीर्तिमंदिराच्या बाबतीतही प्रथम मत याच संघटनेच्या जुन्या सभासदांचे असते. या दोन निर्णयांभोवती जितके लिहिले व बोलले गेले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या क्रीडाविषयक निर्णयाभोवती लिहिले गेले असेल.

या वादाचे वर्णन सामान्यतः 'आकडे मानणारे' आणि 'डोळ्यांवर विश्वास ठेवणारे' यांचा झगडा असे केले जाते. हे वर्णन वरवरचे आहे. दोन्ही पक्ष आकडे वापरतात आणि दोन्ही पक्ष खेळ पाहतात. भेद आहे तो 'मोल' या शब्दाच्या अन्वयात. एक पक्ष 'मोलाचा कोणाला?' असे विचारतो, तर दुसरा 'मोलाचा कोणाहून?' असे विचारतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक शास्त्रशुद्ध दिसत असला तरी त्याच्या पोटात एक सामाजिक निर्णय दडलेला असतो, आणि तो उघड केल्याखेरीज योग्यायोग्यतेची कोणतीही चर्चा पुरी होत नाही.

२

प्रथम नियमांचा विचार करू. लेखकसंघटनेने हा किताब १९३१ पासून देण्यास आरंभ केला. आज प्रत्येक लीगमधील प्रत्येक संघाच्या गावचे दोन लेखक मत देतात. प्रत्येकाने दहा नावे क्रमाने लिहावयाची असतात. पहिल्या नावास १४ गुण, दुसऱ्यास ९, आणि पुढे एकेक कमी होत दहाव्यास १ गुण मिळतो. मते अंतिम फेरीचे सामने सुरू होण्यापूर्वीच घेतली जातात. मतदारांना जे सूचनापत्र मिळते त्यात 'सर्वांत मोलाचा' याची निश्चित व्याख्या नाही असे स्पष्ट सांगितलेले आहे. मात्र काही निकष दिलेले आहेत: खेळाडूचे आपल्या संघास असलेले प्रत्यक्ष मोल, म्हणजे आक्रमणातील व बचावातील बळ, खेळलेल्या सामन्यांची संख्या, आणि स्वभाव, निष्ठा व परिश्रम. खेळाडू विजयी संघातीलच असला पाहिजे असे नाही, हेही सांगितले आहे.

आपल्याकडील न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर लक्षणाचे तीन दोष मानले जातात: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. वरील सूचनापत्राच्या कर्त्यांनी लक्षणच केलेले नसल्यामुळे त्यांच्यावर यांपैकी कोणताच दोष येत नाही! तथापि ही केवळ टाळाटाळ नव्हे. डब्ल्यू. बी. गॅली या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५६ साली स्वभावतःच विवाद्य असलेल्या संकल्पनांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने घेतलेले कल्पित उदाहरण खेळातील अजिंक्यपदाचेच होते: निरनिराळे संघ निरनिराळ्या शैलीने खेळतात, प्रत्येकाचे चाहते आपल्याच संघाची शैली खरी मानतात, आणि 'अजिंक्य' या शब्दावर हक्क सांगतात. अशा संकल्पनांच्या बाबतीत वाद हा संकल्पनेच्या वापराचाच एक भाग असतो, असे गॅलीचे म्हणणे. लेखकसंघटनेने शब्दाची व्याख्या न करून हा वाद चालू राहील अशी व्यवस्था केली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु गॅलीची उपपत्ति येथेच थांबते. वाद का मिटत नाही हे ती सांगते. वादाच्या दोन्ही बाजूंची भाषिक रचना कशी आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरीकडे वळावे लागते.

३

'मूल्य' ही संज्ञा भाषाशास्त्रात फेर्दिनां द सोस्यूरने रूढ केली. त्याच्या निधनानंतर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात भाषेतील घटकाचे मूल्य त्या घटकात स्वयंभू नसून व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांतून निष्पन्न होते, असा सिद्धांत मांडलेला आहे. बुद्धिबळातील घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवून चालते, असा दृष्टांत त्याने दिला आहे. हे संबंध दोन प्रकारचे असतात. त्यांना येथे सोयीसाठी क्रमसंबंध व पर्यायसंबंध म्हणू. 'आईने पाणी आणले' या वाक्यात 'पाणी'चा 'आणले'शी जो संबंध तो क्रमसंबंध. आणि 'पाणी'च्या जागी 'दूध' किंवा 'सरपण' येऊ शकले असते, त्या अनुपस्थित शब्दांशी असलेला संबंध तो पर्यायसंबंध. मराठीतील 'च' हा अव्ययांश पाहिला तर क्रमाचे महत्त्व विशेष जाणवते. 'रामच आला' आणि 'राम आलाच' यांत घटक तेच आहेत. 'च'ची जागा बदलताच त्याने साधलेले कार्य बदलते.

'मोलाचा' या विशेषणास मराठीत दोन्ही प्रकारचे पूरक लागू शकतात. 'हा माणूस घराला मोलाचा' असे आपण म्हणतो. तेथे चतुर्थीने क्रमसंबंध सूचित होतो. 'हा त्याच्याहून मोलाचा' असेही म्हणतो. तेथे पंचमी पर्याय पुढे उभा करते. 'श्रेष्ठ' या शब्दास मात्र चतुर्थी मानवत नाही. 'घराला श्रेष्ठ' हा प्रयोग कानाला खटकतो. बेसबॉलच्या किताबात 'श्रेष्ठ' हा शब्द नाही, 'मोलाचा' हा आहे. पहिल्या पक्षाचा सारा भर यावर आहे, आणि व्याकरणदृष्ट्या तो निराधार नाही.

टेड विल्यम्सचे उदाहरण घ्या. १९४१ साली बॉस्टनच्या या फलंदाजाची सरासरी ०.४०६ होती; त्यानंतर कोणाही प्रमुख लीगमधील खेळाडूस एका मोसमात ०.४०० गाठता आलेली नाही. तरी किताब न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओस मिळाला. डिमॅजिओने लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका मारला होता आणि त्याचा संघ पहिला आला होता. १९४२ साली विल्यम्सने 'तिहेरी मुकुट' मिळविला, म्हणजे सरासरी, होमरन आणि आपल्या फटक्यांवर आणलेल्या धावा या तिन्हींत तो पहिला आला. किताब न्यूयॉर्कच्याच जो गॉर्डनकडे गेला. १९४७ साली पुन्हा तिहेरी मुकुट, आणि पुन्हा डिमॅजिओ; या वेळी २०२ विरुद्ध २०१, असा एका गुणाचा फरक. तिन्ही वर्षी न्यूयॉर्कचा संघ अग्रस्थानी होता. मतदारांनी विल्यम्सला कमी लेखले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी चतुर्थीचा प्रश्न विचारला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल: ज्या वाक्याची समाप्ति विजयात झाली त्या वाक्यातील पद त्यांनी निवडले.

या भूमिकेतील अडचण २०१२ साली स्पष्ट झाली. डेट्रॉइटच्या मिगेल कब्रेराने ०.३३० सरासरी, ४४ होमरन व १३९ धावा अशी कामगिरी करून १९६७ नंतरचा पहिला तिहेरी मुकुट मिळविला. लॉस एंजेलिसकडून खेळणाऱ्या माइक ट्राऊट या नवोदिताची सरासरी ०.३२६ होती, त्याने ३० होमरन मारले, ४९ वेळा पुढचा बेस चोरला, आणि क्षेत्ररक्षणात तो कब्रेराहून कितीतरी सरस होता. २८ पैकी २२ मतदारांनी कब्रेरास पहिले स्थान दिले. कब्रेराच्या संघाने आपला गट जिंकला, हे एक कारण पुष्कळांनी पुढे केले. परंतु त्या मोसमात डेट्रॉइटचे विजय ८८ होते आणि लॉस एंजेलिसचे ८९! अधिक सामने जिंकणारा संघ केवळ अधिक बलवान गटात असल्यामुळे मागे राहिला. म्हणजे क्रममूल्य ठरविताना आपण खेळाडूच्या वाक्याबरोबर शेजारच्या वाक्यांचाही हिशेब त्याच्या माथी मारतो. उलट १९८७ साली शिकागोच्या आंद्रे डॉसनला ४९ होमरन व १३७ धावांबद्दल किताब मिळाला, तेव्हा त्याचा संघ गटात अखेरच्या स्थानी होता. चतुर्थीचा प्रश्न विचारणारे तो नेहमीच सुसंगतपणे विचारतात असे नाही, एवढे यावरून दिसते.

४

दुसऱ्या पक्षाने या अडचणीवर जो उपाय काढला तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीचा वाटेल. एखाद्या ध्वनीचे भेदकत्व ठरविताना आपण तो ध्वनी काढून त्याच्या जागी दुसरा ठेवतो आणि काय बदलते ते पाहतो. तद्वत् हे संख्याशास्त्रज्ञ खेळाडूस मनाने संघातून काढतात, त्याच्या जागी सहज मिळू शकेल असा एखादा पर्यायी खेळाडू ठेवतात, आणि संघाचे किती विजय कमी झाले असते याचा अंदाज करतात. या मापास 'वॉर' असे संक्षिप्त नाव आहे. २०१२ साली ट्राऊटचे माप दहाच्या वर आणि कब्रेराचे सातच्या आसपास होते. हे शुद्ध पर्यायमूल्य होय. संघ जिंकला की हरला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गेल्या काही वर्षांत मतदारही या बाजूस झुकले आहेत: २०१६ साली ट्राऊटचा संघ ८८ सामने हरला असता त्याला किताब मिळाला, २०२१ साली शोहेइ ओतानीला तो एकमताने मिळाला, तेव्हा त्याच्या संघाचे पराजय विजयांहून अधिक होते.

या मापाची सारी इमारत 'सहज मिळू शकेल असा पर्यायी खेळाडू' या एका कल्पनेवर उभी आहे. तो मोजपट्टीवरील शून्य होय. २०१३ साली या मापाची गणना करणाऱ्या दोन प्रमुख संस्थांनी शून्याची जागा एकमताने ठरविली: केवळ पर्यायी खेळाडूंचा संघ ०.२९४ या प्रमाणात, म्हणजे १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल, असे गृहीत धरले गेले. आता प्रश्न असा, की हा पर्यायी खेळाडू येतो कोठून?

तो येतो दुय्यम लीगमधून. सेंट लुईसच्या ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने १९२० नंतरच्या दशकात दुय्यम संघ आपल्या ताब्यात घेऊन तेथे तरुण खेळाडू वाढविण्याची पद्धत पाडली. तिला 'फार्म' म्हणतात. म्हणजे शब्द शेतीतला आहे. बियाणे, मशागत, पीक या रूपकाने खेळाडूची घडण पाहिली गेली, आणि मुख्य संघातील जागा रिकामी झाली तर भरण्यासाठी सदैव साठा तयार राहू लागला. त्यामुळे मापाचे शून्य हे निसर्गसिद्ध नसून त्या शेतीचे उत्पन्न आहे. मशागत चांगली झाली तर शून्य वर चढते आणि मुख्य संघातील प्रत्येकाचे मूल्य, त्याने स्वतः काही न करता, तेवढ्याने उतरते.

मशागतीचे नियमही मूल्य घडवितात. सँडी कोफॅक्स हा पिचर १९५५ साली ब्रुकलिनकडून खेळू लागला. चार हजार डॉलरपेक्षा अधिक रक्कम देऊन घेतलेल्या नवख्या खेळाडूस दोन मोसम मुख्य संघातच ठेवले पाहिजे, असा त्या काळी नियम होता. त्यामुळे दुय्यम संघात शिकण्याची संधी त्याला मिळाली नाही. १९६० अखेर त्याचे विजय ३६ आणि पराजय ४० होते. पुढील सहा वर्षांत १२९ विजय व ४७ पराजय. आणि १९६६ अखेर दुखावलेल्या हातामुळे तिसाव्या वर्षी निवृत्ति. कारकिर्दीची बेरीज १६५ विजय, ही कीर्तिमंदिराच्या मानाने लहान संख्या. तरी १९७२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो तेथे निवडला गेला. त्याची पहिली सहा वर्षे शिकण्यात गेली की वाया गेली हे कोणत्याही बेरजेतून कळत नाही. बेरीज फक्त झालेल्या गोष्टींची होते. नियमाने होऊ न दिलेल्या गोष्टी तिच्यात येत नाहीत.

५

हा मुद्दा कोफॅक्सच्या बाबतीत कुतूहलाचा वाटेल. परंतु बेसबॉलच्या इतिहासात तो अन्यायाचा मुद्दा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. लेखी नियमाची त्यासाठी गरज पडली नाही. संघमालकांचा समजूतदारपणा पुरेसा होता. म्हणजे १९३१ साली हा किताब सुरू झाला तेव्हा 'सहज मिळू शकेल असा पर्यायी खेळाडू' या वर्गातून देशातील खेळाडूंचा एक मोठा समुदाय आधीच वगळलेला होता. शून्य कृत्रिमरीत्या खाली ठेवलेले होते. त्या काळच्या प्रत्येक गौरवशाली आकड्यात या वगळण्याचा वाटा आहे.

हे केवळ अनुमान नव्हे. १९४५ साली ज्याने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले तो ब्रँच रिकीच होता. शेतीची पद्धत ज्याने घातली त्यानेच तिचे कुंपण मोडले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन प्रमुख लीगमध्ये उतरला. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा 'सर्वांत मोलाचा खेळाडू' हा किताब नऊ वेळा अशा खेळाडूंना मिळाला की जे पूर्वी कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधून वा संघांतून खेळलेले होते: रॉबिन्सन, रॉय कॅम्पनेला तीनदा, विली मेज, डॉन न्यूकोम, हँक एरन, आणि अर्नी बँक्स दोनदा. दार उघडताच पंचमीच्या प्रश्नाचे उत्तर बदलले, याहून अधिक स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. आणि दार बंद असताना ज्याची कारकीर्द संपली त्याचे काय? जॉश गिब्सन हा त्या स्वतंत्र लीगमधील असामान्य फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने, पस्तिसाव्या वर्षी मरण पावला.

येथे 'कीर्ति' या शब्दाकडे वळले पाहिजे. इंग्रजी 'फेम'चे मूळ लॅटिन 'फामा' म्हणजे बोलवा. 'बोलणे' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला. आपल्या 'कीर्ति'चे नातेही 'कीर्तन'शी आहे. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याची कीर्ति होते. कीर्तिमंदिरातील प्रवेशासाठी पत्रकारांच्या मतांपैकी ७५ टक्के मते लागतात, आणि खेळाडूची दहा मोसमांची कारकीर्द झालेली असावी लागते. परंतु मोठ्या दैनिकांनी ज्या सामन्यांची दखल घेतली नाही त्यांतील खेळाडूंविषयी बोलणार कोण, आणि ज्यांना दारातच अडविले त्यांची दहा वर्षे मोजणार कोण? १९३६ साली पहिली निवड झाली. १९६६ साली स्वतःच्या प्रवेशसमारंभात टेड विल्यम्सने सॅचेल पेज आणि गिब्सन यांची नावे घेऊन त्यांना तेथे स्थान मिळावे असे जाहीरपणे सुचविले. १९७१ साली पेजची निवड झाली. पण त्यांच्यासाठी वेगळे दालन करण्याची घोषणा प्रथम करण्यात आली. टीका झाली तेव्हा ती मागे घ्यावी लागली. पेज प्रमुख लीगमध्ये १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, प्रथम खेळला. दहा वर्षांच्या नियमात तो बसत नव्हता. ज्या नियमाने अव्याप्ति निर्माण केली त्याच नियमाचा दाखला देऊन त्याला वेगळे बसविण्याचा हा प्रयत्न होता.

मे २०२४ मध्ये प्रमुख लीगच्या व्यवस्थापनाने १९२० ते १९४८ या काळातील स्वतंत्र लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत समाविष्ट केले. कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉबच्या ०.३६७ कडून गिब्सनच्या ०.३७२ कडे गेला. हे आकडे संशोधकांनी मुख्यतः 'पिट्सबर्ग कुरिअर', 'शिकागो डिफेंडर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील धावफलकांवरून जुळवून काढले. सामने कमी, नोंदी अपुऱ्या, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेप खोटा नाही. मात्र तो घेताना एक गोष्ट विसरली जाते: प्रतिपक्ष अपुरा होता हा दोष कॉबच्या काळच्या नोंदीतही तेवढाच आहे. फरक इतकाच, की ती अपुरी आहे हे तिच्या स्तंभांवरून दिसत नाही.

६

येथे एक शंका संभवते. सर्व मूल्य सापेक्ष आहे, शून्यही माणसांनी ठरविलेले आहे, असे म्हटले की कोणताही निर्णय कोणत्याही निर्णयाइतकाच बरा, असा निष्कर्ष निघत नाही काय? तो निघत नाही. सोस्यूरच्या मते भाषेतील मूल्य सापेक्ष आहे, पण म्हणून ते यदृच्छया बदलता येत नाही. व्यवस्था सांगितली की मूल्य ठरते आणि तपासता येते. 'संघाला मोलाचा' असे म्हणणाऱ्याने संघाच्या यशातील कोणता भाग खेळाडूच्या हातचा होता ते सांगावे, म्हणजे २०१२ मधील ८८ व ८९ यांचा विपर्यास होणार नाही. 'पर्यायाहून मोलाचा' असे म्हणणाऱ्याने पर्यायांच्या वर्गात कोण होते व कोण नव्हते ते सांगावे. ही दोन पूरके भरली की विधान पूर्ण होते, आणि पूर्ण विधान खोटे ठरू शकते. अपूर्ण विधानास मात्र तो धोका नसतो. वाद लांबतो तो बराचसा या सोयीमुळे.

कीर्तिमंदिराच्या निकषांत खेळाबरोबर सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्य यांचाही समावेश आहे. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे बॅरी बाँड्स व रॉजर क्लेमेन्स यांची पत्रकारांच्या मतपत्रिकेवरील दहा वर्षांची मुदत २०२२ साली सुमारे ६६ व ६५ टक्के मतांवर संपली. त्या प्रश्नाचा विस्तार येथे करावयाचा नाही. पण चारित्र्याचा निकष व्यक्तीस लावला जातो, व्यवस्थेस लावला जात नाही, हे नमूद केले पाहिजे. केनेसॉ माउंटन लँडिस हा १९२० पासून १९४४ पर्यंत बेसबॉलचा सर्वोच्च आयुक्त होता. त्याच्या सबंध कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीयास प्रमुख लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही. 'सर्वांत मोलाच्या' खेळाडूस दिल्या जाणाऱ्या फलकावर त्याचे नाव १९४४ पासून कोरलेले असे. रॉबिन्सनला १९४९ साली मिळालेला फलकही त्याच नावाचा होता. लेखकसंघटनेने ते नाव काढून टाकण्याचा निर्णय २०२० साली घेतला.

व्याख्येच्या अभावामुळे हे घडले, असे म्हणता येणार नाही. 'दहा मोसम' ही व्याख्या तर अगदी काटेकोर होती. काटेकोर व्याख्याही कोणत्या वर्गावर लागू करावयाची हे व्याख्येच्या बाहेर ठरत असते. मूल्यवाचक शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून विशेषणाच्या अर्थाइतकेच लक्ष त्याच्या अध्याहृत पंचमीकडे द्यावे. ती अध्याहृत ठेवण्याची मुभा ज्यांना मिळते, निर्णयाचा अधिकारही बहुधा त्यांच्याच हाती असतो.